ब्याण्णव टक्के हजेरी

८ ऑगस्ट, सोमवार

ताईने ही वही दिली त्याला दोन महिने झाले. निघताना म्हणाली होती, तुझी बडबड ऐकायला तिथे कोणी नसेल, ती हिच्यात ओत. आज सुरुवात करतोय, कारण खोलीतला दुसरा प्राणी बोलतच नाही.

खोली दोघांची. दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, एक कपाट ज्याचं दार पायाने ढकलल्याशिवाय बंद होत नाही, आणि सायकल स्टँडवर उघडणारी एक खिडकी. पार्टनर यंदा बदलून मिळाला. आमच्याच वर्गातला आहे. माझा रोल नंबर सदतीस, त्याचा अडतीस. खाटेवरसुद्धा पाठ ताठ ठेवून बसतो, म्हणून पहिल्या वर्षीच वर्गाने त्याचं नाव काटकोन ठेवलं. ड्रॉइंगला त्याचा हात असा की शीट छापून आणल्यासारखी दिसते. माझ्या शीटवर खोडरबराचे ढग असतात.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाचा निकाल लागला. माझा एक विषय राहिला. मी दोन शिव्या घातल्या आणि मेसमध्ये जेवायला गेलो. काटकोनाचे दोन राहिले. त्याने निकालाचा कागद चार घड्या घालून पाकिटात ठेवला आणि दिवसभर काही बोलला नाही. म्हणे आयुष्यात पहिल्यांदा नापास झाला. मी म्हटलं, अरे, एखादा विषय राहिल्याशिवाय इंजिनिअर झाल्यासारखं वाटतच नाही. हसला नाही. त्याचे वडील बसडेपोत टाइमकीपर आहेत. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे लिहिण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. दर रविवारी नऊच्या ठोक्याला त्यांचा फोन येतो, आणि काटकोन त्यांच्याशी 'हो', 'नाही', 'बरंय' एवढ्या तीन शब्दांत बोलतो.

११ ऑगस्ट, गुरुवार

आज एक पराक्रम केला.

काटकोन सकाळी उठलाच नाही. मंगळवारपासून हेच चाललंय. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. डोकं जड आहे, एवढंच म्हणाला. आता आमच्या कॉलेजात नियम असा, की सलग तीन दिवस गैरहजेरी लागली की घरी मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. शिवाय पंचाहत्तर टक्के भरले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नाही. आज तिसरा दिवस. बिचाऱ्याच्या घरी बोंब होईल, असं मनात आलं.

थर्मोचे सर तेच आमच्या वर्गाचेही सर. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, म्हणून नाव भिंग. ते हजेरी घेताना रजिस्टरातून डोकं वर काढत नाहीत. सदतीसला मी माझा नेहमीचा 'येस सर' दिला. अडतीसला मान खाली घातली आणि घशातून काटकोनाचा तो घोगरा, अर्धा गिळलेला आवाज काढला. भिंगांचं पेन एक क्षणही थांबलं नाही. मागचा बाक खुसखुसला. आमच्या शेजारच्या खोलीतला खबऱ्या, ज्याला सगळ्या कॉलेजची बित्तंबातमी असते, त्याने माझ्या पाठीत बुक्की घातली आणि म्हणाला, तू नाटकात जा, इथे वाया चाललायस.

दुपारी काटकोनाला सांगितलं. वाटलं खूश होईल. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, तसाच म्हणाला, "मला विचारायचंस तरी."

म्हटलं, विचारत बसलो असतो तर घरी मेसेज गेला असता.

"गेला असता तर गेला असता."

आजारी माणूस चिडचिड करतोच. मी मनावर घेतलं नाही.

२३ ऑगस्ट, मंगळवार

आता अडतीस नंबर माझ्याच अंगवळणी पडलाय. भिंग, मटेरिअलच्या मॅडम, गणिताचे सर, तिघांच्याही तासाला मीच दोन माणसं. मॅडमच्या वेळी जरा जपावं लागतं, त्या मधूनच वर बघतात. मग मी तोंडावर रुमाल धरून खोकतो आणि त्या खोकल्यातच 'येस मॅम' म्हणतो. वर्कशॉपमध्ये मात्र चेहरा बघतात, तिथे त्याला ओढून न्यावं लागतं. परवा नेला, तर कानस चालवता चालवता मधेच थांबून पाच मिनिटं नुसता हातातल्या लोखंडाकडे बघत उभा. वर्कशॉपचा मिस्त्री म्हणाला, याला घरी पाठवा, याचं लक्ष नाही, बोट कापून घेईल.

सकाळी मी निघतो तेव्हा तो आडवा, परत येतो तेव्हाही आडवाच. मेसमधून आणलेलं जेवण टेबलावर तसंच. मी म्हटलं, काटकोनाचा पार सरळकोन झाला रे. सगळ्या मजल्यावर हा विनोद पोचला आणि आता त्याला सरळकोन म्हणायला लागलेत. तोही थोडासा हसला. हसला की बरं वाटतं.

५ सप्टेंबर, सोमवार

काल रविवारी काटकोनाचा मोबाइल बंद होता, म्हणून नऊ वाजता काकांनी माझ्या मोबाइलवर फोन केला. काका म्हणजे त्याचे वडील. माझा नंबर त्यांनी होस्टेलच्या रेक्टरकडून मिळवला म्हणे. काटकोन खाटेवरूनच हाताने नाही नाही करत होता, म्हणून मी सांगितलं की तो आंघोळीला गेलाय.

माणूस मोठा गोड बोलतो. मला अहोजाहो करू नका म्हटल्यावर 'बरं बाळ' म्हणाले. मग म्हणाले, कॉलेजच्या साइटवर त्याची हजेरी रोज बघतो, ब्याण्णव टक्के आहे. "फोनवर बोलत नाही म्हणून त्याची आई काळजी करते. मी तिला सांगतो, अगं, दोन विषय राहिले ते पोराने मनाला लावून घेतलंय, आता खाली मान घालून अभ्यास करतोय. ही बघ हजेरी. मीसुद्धा सुरुवातीला घाबरलो होतो. सुट्टी काढून यावं असं दोनदा मनात आलं. मग म्हटलं, वर्गात रोज जातोय ना, मग ठीक आहे."

फोन ठेवल्यावर मला छाती फुगल्यासारखं झालं. आपल्यामुळे कुणाच्या तरी आईबापाला स्वस्थ झोप लागते, हे काही कमी नाही. काटकोनाला शब्दन् शब्द सांगितलं. त्याने विचारलं, "येणार होते?"

म्हटलं, हो, पण आता नाही येत, घाबरू नकोस, मी सांभाळलंय.

त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

१४ सप्टेंबर, बुधवार

माझ्या चार शीट बाकी होत्या आणि शुक्रवारी सबमिशन. काल संध्याकाळी मी त्या कामाला हात लावायचं टाळत बसलो होतो, तर काटकोन उठला, आंघोळ केली, माझा बोर्ड स्वतःच्या टेबलावर घेतला आणि बसला. पाठ ताठ. आज दुपारपर्यंत चारही शीट तयार. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव अशा अक्षरांत लिहिलंय की मला ते माझं वाटेना.

मी विचारलं, तुझ्या कधी काढणार? म्हणाला, माझ्या राहू देत.

म्हटलं, हजेरीची परतफेड करतोयस का? तर म्हणाला, तसं समज. म्हणजे फिटंफाट. पण त्याचा उपकार थोडा जास्त झाला, कारण मला पहिल्यांदाच ड्रॉइंगमध्ये ए मिळणार.

२१ सप्टेंबर, बुधवार

आज भिंगांनी व्हरांड्यात थांबवलं. म्हणाले, तुझा पार्टनर मला बरेच दिवसांत दिसलेला आठवत नाही, तब्येत बरी आहे ना त्याची? कधी कधी मुलं खचतात, मला सांगत जा.

मी म्हटलं, नाही सर, तो अगदी मागे बसतो, खांबाच्या आड. त्यांनी हातातलं रजिस्टर उघडून अडतीस नंबरच्या ओळीवरून बोट फिरवलं. गेल्या महिनाभरात एकही दिवस सुटलेला नव्हता. अच्छा, म्हणाले, माझीच नजर कमी झाली असेल, आणि गेले. थोडक्यात वाचलो. प्रॉक्सी पकडली तर दोघांचंही वर्ष जातं, लावणाऱ्याचंही आणि ज्याची लावली त्याचंही. हे काटकोनाला सांगितलं नाही. उगाच त्याच्या डोक्याला ताप.

३० सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस घरी चाललोय, ताई आली आहे.

चांगली बातमी ही, की काटकोन ताळ्यावर आला. सकाळी मी बॅग भरत होतो तर साहेब दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसलेले. खोली झाडलेली. माझ्यासुद्धा खाटेखालून झाडू मारला होता. मला खरोखर हायसं वाटलं. दीड महिना मी याला सांभाळतोय, कुठेतरी मलाही थकायला झालं होतं, ते आज कळलं.

दारात मला म्हणाला, "आता माझी लावू नकोस."

म्हटलं, वा, म्हणजे सोमवारपासून स्वारी वर्गात. त्यावर तो फक्त हसला. मग माझी बॅग जिन्यापर्यंत धरली.

३ ऑक्टोबर, सोमवार

परत आलो तर खोलीला कुलूप. काटकोन नाही. चादरीची घडी करून उशीवर ठेवलेली. मोबाइल बंद. घरी गेला असणार, चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, आईच्या हातचं खाऊन येईल. बरंच झालं.

भिंगांच्या तासाला सदतीसच्या मागोमाग तोंडातून अडतीसही गेलं. त्याने नको म्हटलं होतं, पण तो घरी असताना गैरहजेरी कशाला? त्याला तरी कुठे कळणार आहे.

५ ऑक्टोबर, बुधवार

काटकोन अजून आला नाही. तिन्ही दिवसांची लावली. आता सवय एवढी झालीय की न लावायची असेल तर आठवणीने गप्प बसावं लागेल.

६ ऑक्टोबर, गुरुवार



दुपारी काकांचा फोन आला. म्हणाले, रविवारपासून त्याचा फोन लागत नाही, बिघडलाय वाटतं, जरा त्याला तुझ्या फोनवर दे. मी म्हटलं, काका, तो घरी आला नाही का?

ते म्हणाले, "घरी? घरी कसा येईल? काल तो वर्गात होता ना?"

इथे मी एक श्वास घेतला असेन. त्या एका श्वासात मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो. काल होता. वर्ग सुटल्यापासून दिसला नाही."

ते म्हणाले, निघतो.

मी खबऱ्याला गाठलं. त्याला सगळं माहीत आहे, वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत आहे. तो म्हणाला, तोंडाला कुलूप घाल. "तू सांगितलंस तर तुझं वर्ष गेलं, आणि तो परत आल्यावर त्याचंही गेलं. दोन-चार दिवसांच्या फरकाने काय होतं? शोधणारे शोधतीलच." त्यात तथ्य आहे असं मला वाटलं. निदान तो बोलत असताना तरी वाटलं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

काका सकाळच्या गाडीने आले. मी त्यांना उंच, धिप्पाड समजत होतो. बुटके आहेत, खाकी पँट, छातीच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. एच.ओ.डीं.च्या केबिनमध्ये भिंगांनी रजिस्टर पुढे ठेवलं. सोमवारी हजर, मंगळवारी हजर, बुधवारी हजर. काकांनी ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. पोलिसांतही तेच सांगितलं गेलं: बुधवार, पाच तारीख, वर्ग सुटल्यानंतर बेपत्ता. मी शेवटचा पाहणारा, म्हणून मलाही विचारलं. मी रजिस्टरप्रमाणे सांगितलं.

दुपारनंतर काका आमच्या खोलीत त्याच्या खाटेवर बसून एकेका हॉस्पिटलला फोन लावत होते. आजूबाजूच्या सगळ्या गावांची यादी केली होती त्यांनी, बसच्या रस्त्यांप्रमाणे. प्रत्येक नावापुढे फोनची वेळ आणि काय उत्तर मिळालं ते लिहीत होते. वीस वर्षांचा, उंच, सडपातळ, असं म्हणत होते. कितीतरी ठिकाणी नाही आलं. मग एका ठिकाणी पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. मला खाटेवरूनही ऐकू येत होतं. रस्त्याकडेला सापडलेला एक मुलगा आहे, वीसएक वर्षांचा, खिशात कागदपत्र नाहीत, डोक्याला मार आहे, शुद्ध नाही.

काका उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, कधी आणलाय?

दोन तारखेला. रविवारी पहाटे.

काका खाली बसले. "नाही मग," ते म्हणाले. "आमचा पाच तारखेपर्यंत वर्गात होता." फोन ठेवला, वहीत लिहिलं, आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. जिवात जीव आलेला माणूस जसा हसतो तसे. म्हणाले, कुणाचं तरी पोर आहे बिचारं, त्याच्या माणसांना कळू दे म्हणजे झालं.

मी खिडकीतून सायकली बघत होतो. वीस वर्षांचे उंच, सडपातळ हजार जण असतात. मी स्वतः वीस वर्षांचा आणि सडपातळ आहे. शिवाय काटकोन सोमवारी कुठे होता हे मला तरी कुठे माहीत आहे? मी त्याला शुक्रवारनंतर पाहिलेलं नाही एवढंच मला माहीत आहे. म्हणजे तो बुधवारपर्यंत इथे नव्हताच, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. बरोबर आहे.

८ ऑक्टोबर, शनिवार

काका दिवसभर बसस्टँडवर होते. तिथल्या कंट्रोलरने त्यांना आपला माणूस म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. बुधवारची दुपार, बुधवारची संध्याकाळ, गुरुवारचा पूर्ण दिवस. एकेका गाडीत चढणारा एकेक माणूस त्यांनी बघितला. परत आले तेव्हा डोळे लाल झाले होते. म्हणाले, एवढ्या गाड्या गेल्या, एकीतही चढला नाही रे, मग गेला कुठे?

मला जेवण जात नाही. खबऱ्या म्हणतो, आता तर अजिबात बोलू नकोस, आता पोलिसांत खोटं सांगितल्याची भानगड होईल. मी भित्रा आहे. हे मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नऊ वाजता काका खाटेवर मोबाइल हातात घेऊन बसले होते. त्यांनी त्याचा नंबर लावला. बंद. तरीही त्यांनी मोबाइल कानालाच धरून ठेवला. ते मला बघवेना. मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात. सोमवारची मी लावली, मंगळवारची मी लावली, बुधवारचीही मीच. मी त्याला शुक्रवारी, तीस तारखेला शेवटचं पाहिलं.

मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी वही काढली आणि पानांवरून बोट खाली खाली आणत एका ओळीवर थांबवलं. फोन लावला. वर्णन सांगितलं, डाव्या भुवईवर जुना व्रण आहे का, विचारलं. पलीकडचा माणूस बघून येतो म्हणाला. आम्ही वाट बघत होतो. मग काका नुसतं 'बरं' म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

बसने अडीच तास. काका खिडकीशी बसले होते.

तो काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेला होता.

वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, दुधाच्या गाडीवाल्याने रविवारी पहाटे आणून टाकला. गाडीने उडवलं असावं, कुणी पाहिलं नाही. एकदाही शुद्धीवर आला नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या चार-पाच दिवसांत मोठ्या हॉस्पिटलात हलवलं असतं तर कदाचित, नक्की सांगता येत नाही. पण हलवायला कोणी माणूसच नव्हतं. काकांनी वेळ पुन्हा विचारून घेतली आणि वहीत लिहिली. मग पेनचं टोपण त्यांना लावता येईना, ते मी लावून दिलं.

बाहेर बाकावर ते म्हणाले, "हा आमच्याच गावाचा रस्ता आहे. तो घरी येत होता. चालत." थोड्या वेळाने म्हणाले, "शुक्रवारी आमची गाडी इथे दहा मिनिटं थांबली होती. मी चहा प्यायला उतरलो होतो."

मी रडलो. ते रडले नाहीत. त्यांना घरी फोन करायचा होता.

१२ ऑक्टोबर, बुधवार

एच.ओ.डीं.ना लेखी दिलं. पोलिसांतही जबाब बदलून आलो. माझं वर्ष गेलं. भिंग केबिनमध्येच होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, मी त्या दिवशी तुला विचारलं होतं रे. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खबऱ्या आता माझ्याशी बोलत नाही, कारण इतरांच्या प्रॉक्सीही उघड झाल्या.

त्याच्या खाटेकडे पाठ करून झोपतो. तरीही सकाळी निघताना 'येतो रे' असं तोंडातून जातं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

काका त्याचं सामान न्यायला आले होते. मी आधीच सगळं बांधून ठेवलं होतं. त्यांनी सामानाकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑफिसातून छापून आणलेला हजेरीचा तक्ता टेबलावर पसरला आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

"यातले खरे दिवस कुठले ते मला सांग," ते म्हणाले. "नोंद अशी ठेवून मला जाता येणार नाही."

आम्ही आठ ऑगस्टपासून सुरुवात केली. मी तारीख वाचायची, खरं काय ते सांगायचं, आणि खोटी असेल तर त्यांनी लाल पेनाने काट मारायची. प्रत्येक दिवशी ते विचारायचे, मग त्या दिवशी तो काय करत होता? झोपला होता, मी म्हणायचो. जेवला होता का? आठवत नाही काका. अर्धा जेवला होता. नव्हता जेवला. एका तारखेला ते म्हणाले, या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला होता, मग मोबाइलवर हजर दिसला म्हणून फाडला. त्या तारखेवर त्यांनी जरा जोरात काट मारली, कागद फाटला.

मला प्रत्येक दिवस आठवत होता. रोज त्याच्यापासून दोन हातांवर झोपत होतो मी. वाचता वाचता मला कळत गेलं, की मी त्याला सांभाळत नव्हतो. त्याच्याकडे कोणी येऊ नये अशी मी व्यवस्था केली होती.

शेवटी मोजदाद झाली. बेचाळीस दिवसांपैकी नऊ खरे. काकांनी नऊ हा आकडा खाली लिहिला, त्याला गोल केला. मग पेन खिशात ठेवून त्यांनी विचारलं, "त्यानेच सांगितलं होतं का तुला, लावायला?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांनी मानलं असतं. सगळ्या कॉलेजने तेच मानलंय, मी लेखी दिलं त्यातही मी ते स्पष्ट केलेलं नाही. तो आता नाही म्हणायला येणार नव्हता.

मी म्हणालो, "नाही काका. एकदाही नाही."

ते त्या लाल झालेल्या कागदाकडे बघत राहिले.

"म्हणजे तो आमच्यापासून लपत नव्हता," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी तक्त्याच्या घड्या घालून तो वहीत ठेवला. मग उठले, कारण त्यांच्या गाडीची वेळ झाली होती.